येते म्हणावं

१

मश्रूम धुवायचे नसतात, पुसायचे असतात. ओल्या फडक्यानं, एकेक. धुतले की ते पाणी पितात आणि मग पातेल्यात रडत बसतात, असं मावशी सांगायची. तिनं सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिल्या, पण ही राहिली.

त्या संध्याकाळीही मी ओट्याशी उभी राहून मश्रूम पुसत होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आवाज मोठा करून.

"लसूण जाळलीस," पलीकडून मावशी म्हणाली.

"तुला काय फोनमधून वास येतो?"

"आवाज येतो ना. लसूण जळायला लागली की गप्प होते. तुझ्यासारखी."

मी गॅस बारीक केला. खरंच जळली होती थोडी.

"आता मश्रूम टाक. पाणी सुटेल ते आटू दे. घाई नको. मग मीठ, मिरपूड, पाणी. आणि अंडं घालताना काय करायचं?"

"भोवरा करायचा."

"डावानं गरगर भोवरा करायचा, डाव बाहेर काढायचा आणि मग अंड्याची धार सोडायची. एकदा सोडली की हात लावायचा नाही. तुला धीर निघत नाही, लगेच ढवळतेस आणि सगळा चुरा करून ठेवतेस. कशाला भितेस गं एवढी? अंडंच आहे ते. भित्री भागूबाई!"

त्या भागूबाईचं लहानपणीच 'भागू' झालं. माझं शाळेतलं नाव मावशीनं शेवटचं कधी घेतलं, मला आठवत नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. शिकून मी नोकरीला लागले, ऑफिसजवळ एका खोलीत राहायला आले आणि त्यानंतर मावशी घरात पडली. कंबरेचं हाड बरं झालं, पण अंथरूण काही सुटलं नाही, आणि पुढे गळ्यातली ताकदही गेली. घास उतरेना. पातळ तेवढं उतरायचं, तेही चमच्याचमच्यानं. दिवसभर एक सिस्टर असायची. ती दिवेलागणीला निघाली की रात्रीचं सूप माझ्याकडे. मी ते नेलं नाही तर मावशी उपाशी झोपणार, एवढा साधा हिशेब.

"मग येतेस ना?" मावशीनं विचारलं.

"येते," मी म्हणाले.

हा शब्द मोठा सोयीचा. येणारीही 'येते' म्हणते आणि निघालेलीही 'येते'च म्हणते. लहानपणी मी शाळेला निघताना "जाते गं!" म्हणून ओरडले की मावशी मला अर्ध्या जिन्यातून परत बोलवायची. "जाते म्हणू नये. जाते म्हणणारं माणूस परत येत नाही. येते म्हणावं." मी वाद घालायची : पण मी तर जातेय, मग हे खोटं नाही का झालं? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"खोटं कशानं? आल्यावर खरं होतं."

२

सूप झालं. अंड्याचा चुरा झाला, नेहमीसारखा. मी ते नारिंगी फ्लास्कमध्ये भरलं, हिरवा स्वेटर चढवला, दारात येऊन तपकिरी चपला पायात सरकवल्या. एका चपलेचा पट्टा मी मागेच शिवून घेतला होता, तो अजून बोटाला चावायचा. कुलूप लावायचं म्हणून फ्लास्क खाली ठेवला.

आणि मला तो चमचा दिसला.

समोर नव्हता हो, डोक्यात. आदल्या संध्याकाळचा. चमचा ओठांना लावायचा, थोडा कलता करायचा, आणि मग तिच्या गळ्याकडे बघत राहायचं. गळ्याची घाटी वर जाते. खाली येईपर्यंत माझा श्वास थांबलेला. आदल्या संध्याकाळी ती वर गेली आणि खाली आलीच नाही. मावशीचा चेहरा आधी लाल झाला, मग भलताच झाला, तिनं माझं मनगट धरलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी ठसका लागून सगळं बाहेर आलं. "काही नाही गं, काही नाही," मलाच समजावत होती. माझ्याच हातून जाणार ही, तेव्हा मला वाटलं होतं. मी भरवत असताना. एक दिवस.

मी चपला काढल्या. दार आतून लावलं. पाचच मिनिटं बसू आणि निघू, असं स्वतःला सांगितलं. पातेल्याच्या तळाशी थोडं सूप उरलं होतं, ते उभ्यानंच डावानं प्यायले. बाहेर अंधार झाला. मग मी दिवाही लावला नाही, जणू दिवा लावला तर कुणाला तरी कळलं असतं की मी घरीच आहे.

३

सकाळी दार उघडलं तर बाहेर चपला नव्हत्या. फ्लास्कही नव्हता.

आधी मी दचकले, मग स्वतःवरच चिडले. वस्तू रात्रभर दाराबाहेर टाकल्यावर दुसरं काय होणार? चोराला भूक लागली असेल. लसूण जळलेलं सूप मिळालं, भोगेल आपल्या कर्माची फळं. अशी स्वतःशीच थट्टा करत मी जुन्या काळ्या चपला घालून ऑफिसला गेले.

माझं काम ऐकण्याचं. बैठकांची, मुलाखतींची रेकॉर्डिंग कानाला लावायची आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज. ऑफिस बंद असताना फोन केला तर जी बाई "आपला निरोप ठेवा" म्हणते ती मीच. ते आमच्या साहेबांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं. लोकांना आपलाच आवाज बाहेरून ओळखू येत नाही म्हणतात. मला येतो. सुरुवातीला मी तो चोरून ऐकायची, नको इतक्या वेळा.

दुपारपर्यंत मावशीला फोन करायचा धीर झाला नाही. शेवटी तिचाच आला. मी सबब जुळवून ठेवली होती : डोकं दुखत होतं, बस मिळाली नाही.

"भागू, काल लसूण जळकी होती हं," मावशी म्हणाली.

"काय?"

"पण पोटभर प्यायले. ठसका नाही लागला एकदाही. हात बसला तुझा. पण बोलली का नाहीस गं? एक शब्द नाही. रागावलीयेस माझ्यावर?"

मी म्हणाले, "नाही गं."

"मग ठीक. आज येतेस ना?"

गोळ्या, मी मनाशी म्हणाले. नवीन गोळ्या सुरू झाल्यात, त्यांनी भास होतात. फोनवर मी लसूण जाळली हे तिला ठाऊकच होतं. बाकीचं तिच्या मनानं भरून काढलं. उपाशी माणूस जेवणाची स्वप्नं बघतो. असं म्हटलं खरं, पण 'उपाशी' हा शब्द मनात आला आणि समोरच्या पडद्यावरचं मला काही दिसेना.

मी बाहेरच्या जिन्यात जाऊन सिस्टरला फोन लावला.

"हां, बोला ताई."

"मावशी बरी आहे ना? म्हणजे, काल रात्री काही..."

"एकदम मजेत. सकाळी आले तर वाटी, चमचा धुऊन उपडे घातलेले. फ्लास्क पण चकाचक. तुमचा तो नारिंगी. इथंच राहिलाय बरं का. तुम्हीच आलेलात ना?"

तिथं मी काय म्हणायला हवं होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

"हो," मी म्हणाले. "मीच."

४

त्या संध्याकाळी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

यात न समजण्यासारखं काही नाही. कुणीतरी जात होतं. मावशी जेवत होती. ठसका लागत नव्हता. शेजारपाजारचं कुणी असेल, तळमजल्यावरच्या शिवणकाकूंची कुणी ओळखीची असेल, मावशीला दिसत कमी असल्यामुळे ती तिला भागू समजत असेल. देवमाणसं असतात जगात. अशा देवमाणसाचा पत्ता शोधत बसलं तर ते यायचं बंद होईल आणि चमचा परत माझ्या हातात येईल. म्हणून मी शोधला नाही. झाकली मूठ.

सूप मात्र मी रोज करायची. मश्रूम पुसायचे, लसूण परतायची, फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा. मावशी विचारायची, "येतेस ना?" मी म्हणायची, "येते." मग पातेलं मधोमध ठेवून अंधारात बसायची आणि सूप निवून त्यावर साय धरेपर्यंत बघत राहायची. ते आता माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि रोज दुपारी फोनवर माझं कौतुक.

"काल तर कमाल केलीस भागू! अंड्याचा अख्खा एक धागा. चमच्यानं उचलला तरी तुटेना. इतकी वर्षं घसा कोरडा केला मी, आता कुठं डोक्यात शिरलं."

"हं."

"केस विंचरलेस, नखं कापलीस. आईनं केलं नसतं एवढं करतेस. फक्त एक सांगू? हल्ली तू निघताना येते म्हणत नाहीस."

"म्हणत नाही?"

"नाही ना. नुसती उठून स्वयंपाकघरात जातेस. मी वाट बघत पडते, आता म्हणेल, मग म्हणेल. न सांगता गेलेलं माणूस गेल्यासारखं वाटतच नाही बघ. आत खुडबुड ऐकू येत राहते रात्रभर. मी म्हणते भांडी घासत असेल."

५

भाजीवाल्याकडे मी मश्रूमचा डबा उचलत होते तेव्हा मागून कुणीतरी खांद्यावर थाप मारली. मी एवढ्यानं किंचाळले की भाजीवाल्याच्या हातातलं माप पडलं.

"अगं बाई, मी आहे, मी!" शिवणकाकू हसत होत्या. मावशीच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात, जिन्यासमोरच्या खिडकीत त्यांचं मशीन असतं. त्या खिडकीतून न दिसता मांजरही वर जात नाही. "किती दचकतेस! आणि वाळलीस किती. मावशीची सेवा मानवलेली दिसत नाही तुला. तिला मात्र मानवली. गाल वर आलेत तिचे."

"काकू, तुम्ही मला बघता? येताना?"

"बघते म्हणजे काय! हाक मारली त्या दिवशी, वर पण बघितलं नाहीस. तो हिरवा स्वेटर घालून, फ्लास्क छातीशी धरून चाललेली तरातरा. म्हटलं, असेल घाईत." त्यांनी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरली, परत ठेवली. "एक कोडं आहे पण. वर जाताना दिसलीस, उतरताना नाही. मी मशीनवर बसलेली असते बाई. उडून जातेस का गच्चीवरून?"

"कधी दिसले? रोज?"

काकूंचं हसू थोडं कमी झालं. त्यांनी आठवून पाहिलं.

"रोज नाही गं. त्या एकदाच."

घरी येऊन मी कपाट उघडलं. हिरवा स्वेटर कपाटात नव्हता, बाहेर खुंटीवर होता. मला बरं वाटलं. मी तो अंगात घातला. त्याला बाहीपासून कॉलरपर्यंत मिरपुडीचा आणि लोण्याचा वास येत होता. येणारच की. मी रोज तो घालूनच सूप करते. हो ना? मला आठवेना.

सिस्टरला फोन लावला. काय विचारायचं ते नीट जुळवलं नव्हतं.

"दिवसा घरात दुसरं कुणी असतं का हो?"

"कोण असणार ताई? मी आणि आजी. किटलीत चहा करते बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघराचं दार तर तुम्ही लावूनच जाता."

"तुम्ही उघडत नाही?"

"परवा उघडायला गेले तर आजी ओरडल्या माझ्यावर. म्हणाल्या, भागूला झोपू दे, रात्रभर जागते पोर." सिस्टर हसली. "म्हातारपण ताई. आपण हो म्हणायचं झालं. पण एक आहे, तुमच्या हाताला गुण आहे. माझ्या बघण्यात असं भरवणारं माणूस नाही."

६

त्या संध्याकाळी मश्रूमचं पाणी सुटत असताना मी फोन कानाशी धरला होता, स्पीकरवर टाकला नव्हता. मावशी काहीतरी गोड गोड बोलत होती, लहानपणचं. मी ऐकत नव्हते. मी तिच्या मागचं ऐकत होते. तेवढं एक मला येतं. माणूस बोलत असताना त्याच्या मागं काय चाललंय ते ऐकणं.

गॅस पेटल्याचा आवाज आला. मग लसूण. तडतड, तडतड, आणि मग ती गप्प व्हायच्या आत कुणीतरी गॅस बारीक केला.

"मावशी," मी म्हणाले, "तुझ्याकडे कोण आहे?"

"आँ?"

"स्वयंपाकघरात कोण आहे गं?"

"कोण असणार? तू आहेस." ती हसली. "थट्टा करतेस होय म्हातारीची! आत उभी राहून फोन लावतेस का? हे बघ, मला दिसतेय तुझी पाठ..."

ती थांबली. तिकडे डाव पातेल्याच्या कडेला घासत फिरायला लागला होता. गोल. सावकाश. भोवरा.

"मावशी?"

"तू तर आत आहेस," मावशी म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला, अनोळखी माणसाला दार किलकिलं करून विचारावं तसा. "मग हे कोण बोलतंय?"

"मी गं. मी भागू."

"कोण हवंय आपल्याला?"

'आपल्याला' म्हणाली. मावशी. मला.

डाव थांबला. फोन ठेवल्याचा आवाज झाला, पण तो तिनं ठेवला असं वाटलं नाही. रिसीव्हर सिस्टर तिच्या हातात देऊन निघते; तो जागेवर ठेवायला तिचा हात पोचत नाही.

माझ्या पातेल्यात लसूण काळी ठिक्कर पडली होती.

७

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुट्टीला सिस्टर दुपारपर्यंतच थांबते. मी ठरवलं, उजेडात जायचं.

सूप केलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट केलं. मश्रूमनी पाणी सोडलं आणि परत प्यायलं तोवर थांबले. भोवरा केला, डाव बाहेर काढला, अंड्याची धार सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. धागा फिरत फिरत खाली बसला. अख्खा. मला रडूच आलं. एवढंच करायचं होतं. सोडायचं आणि भ्यायचं नाही.

फ्लास्क नव्हता, म्हणून स्टीलच्या डब्यात भरलं, टॉवेलात गुंडाळलं. बसमध्ये डबा मांडीवर तापत होता. मी वाक्यं जुळवत होते. मावशी, मी येत नव्हते. मावशी, मी खोटं बोलले. मावशी, तुझ्या घशाची मला भीती वाटते. मग ती म्हणणार, भित्री भागूबाई, ये इकडे. एवढं झालं की बाकीचं काहीही असो, मी सोसलं असतं. भीतीही हीच होती आणि आशाही हीच : की ती रागावेल.

काकूंच्या खिडकीत मशीन होतं, काकू नव्हत्या. मी जिना चढले.

मावशीच्या दाराबाहेर माझ्या तपकिरी चपला होत्या.

शिवलेल्या पट्ट्यासकट. शेजारीशेजारी, अगदी सरळ, बोटं घराकडे करून. माणूस काढतो तेव्हा त्या थोड्या तिरक्या पडतात, बाहेर जायचं असेल तर वळवून ठेवतो. या कुणीतरी काढून ठेवल्या होत्या आणि पुन्हा घालायच्याच नव्हत्या, अशा होत्या. मी काळ्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या. का कोण जाणे, पण त्यांना स्पर्श होणार नाही अशा बेतानं काढल्या. मग किल्लीनं दार उघडलं.

८

आजारपणाचा वास नव्हता. मला सगळ्यात आधी ते जाणवलं. खोलीत लोण्याचा, मिरपुडीचा, धुतलेल्या चादरीचा वास. पडदे अर्धे ओढलेले. मावशी उशांना टेकून बसली होती, केसांचा भांग पाडलेला, गालांवर रंग. स्टुलावर रिकामी वाटी. इतकी छान मी तिला पडल्यापासून पाहिली नव्हती. मी आले असते तर ती अशी दिसली नसती, हे मला स्वच्छ कळलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. काहीबाही विकायला आलेल्या बायकांना ती असं हसायची, दारातून परत पाठवण्याआधी.

"या ना. कोण आपण?"

"मावशी, मी आहे."

"हो, पण कोण?"

"मी भागू. तुझ्यासाठी सूप आणलंय. मीच केलंय गं, बघ तरी, एक धागा..." डब्याचं झाकण माझ्या हातून निघेना.

"कशाला तसदी घेतलीत," मावशी म्हणाली. अगदी मनापासून. "आमच्या भागूनं केलंय भरपूर. तुम्हीच घ्या थोडं. किती दमलेल्या दिसता." आणि मान वळवून तिनं हाक मारली. तिच्या आवाजात ती माया आली, जी मला दाराशी मिळाली नव्हती. "भागू! कुणीतरी आलंय बघ गं!"

स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं.

फटीतून ओट्याचा तुकडा दिसत होता आणि गॅसवरचं पातेलं. पातेल्यात सूप फिरत होतं. आत डाव नव्हता. वरून अंड्याची धार पडत होती, बारीक, न तुटता, आणि ती संपत नव्हती. एका अंड्यात एवढं नसतं, दोनातही नसतं. धारेच्या वर वाडगा होता आणि वाडग्याला धरलेला हात, हिरव्या बाहीतला. बाही माझी होती. मनगट माझं होतं, आदल्या महिन्यात तेल उडून पडलेल्या डागासकट. तो हात थरथरत नव्हता. एवढाच काय तो फरक.

माझ्या अंगातही तोच स्वेटर होता. मी बाहीला हात लावून पाहिलं.

"कोण आलंय गं मावशी?" आतून विचारलं.

आपला निरोप ठेवा म्हणणाऱ्या बाईचा आवाज. लोकांना ओळखू येत नाही म्हणतात.

मला पुढं व्हायला हवं होतं. चार पावलं, दार ढकलायचं, बस. मावशीसमोर उभं राहून म्हणायचं, ही नाही, मी. पण मग वाडगा ठेवून ती वळली असती. आणि मावशीनं दोघींकडे पाहिलं असतं. आणि तिनं कुणाला निवडलं असतं हे मला ठाऊक होतं, आणि का, तेही.

"चुकून आले," मी म्हणाले. मागं सरताना उंबऱ्याला टाच लागली, कळवळले, आणि तोंडातून निघून गेलं. "जाते मी."

मावशी दुखावल्यासारखी झाली. कुणाही परक्याच्या बाबतीत ती झाली असती.

"अहो, जाते म्हणू नये. येते म्हणावं."

मी तोंड उघडलं. एवढं एक म्हणता आलं असतं तर.

"राहू दे गं मावशी," आतून माझा आवाज म्हणाला. शांतपणे, जरासा कंटाळून. "जाऊ दे त्यांना."

९

अर्धा जिना उतरल्यावर लक्षात आलं की पट्टा बोटाला चावतोय. घाईत मी तपकिरी चपला घातल्या होत्या. आतून त्या कोमट होत्या, नुकत्या कुणाच्या तरी पायातून निघाल्यासारख्या. वर दाराला आतून कडी लागली. परत जाऊन बदलणं शक्य नव्हतं.

काकू खिडकीत येऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"हां! आज दिसलीस एकदाची उतरताना! मी म्हणतच होते, ही पोरगी वर जाते ती राहते कुठं." दातांत धरलेला दोरा त्यांनी तोडला. "झालं जेवण मावशीचं?"

"झालं."

"गुणाची गं बाई. आणि डबा भरलेलाच नेतेस परत?"

मी डब्याकडे पाहिलं. टॉवेलातून अजून ऊब लागत होती. आत अख्खा धागा होता, न तुटलेला.

"बरं, नीघ आता. मावशीला एकटं ठेवू नकोस फार वेळ." काकू सुईत दोरा ओवू लागल्या, आणि मी हलत नाही असं पाहून पुन्हा मान वर केली. "अगं, अशी न बोलता काय उभी राहतेस? येते म्हण की."

मी प्रयत्न केला. दोन तर अक्षरं. खोटं कशानं, आल्यावर खरं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण येणारी केव्हाच येऊन बसली होती. माझ्या वाटणीला दुसरा शब्द उरला होता, आणि तो मी वर बोलून आले होते.